मुलांचे हेडफोन काढून न घेता केलेली बंगलोर ट्रिप

घरात एक अकरावीतली आणि एक आठवीतला असला की सुट्टीत कुठे जायचं हा विषय जेवताना काढायचाच नाही, असं माझं आता ठाम मत झालंय. थंड हवेचं ठिकाण म्हटलं की नेटवर्क नाही, देवदर्शन म्हटलं की "आई प्लीज", समुद्र म्हटलं की अलिबागला तर आपण जातोच की. आणि लहान होते तेव्हा कसं, सकाळी सहाला उठवून गाडीत कोंबायचं आणि दिवसभर पॉइंट दाखवत फिरवायचं, तसलं आता चालत नाही, दोघंही माझ्याहून उंच झालीयेत, कोंबणार कुठे.

म्हणून यंदा दिवाळीच्या सुट्टीचं जरा उलटं केलं. आधी शहर ठरवून मग तिथे बघायचं काय ते शोधण्याऐवजी आधी एक जागा ठरवली आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवलं. घरात चौघांत मिळून सतत चालू असणारी एकच गोष्ट म्हणजे गाणी. लेकीच्या कानात दिवसभर कोरियन पॉप, चिरंजीव तबला शिकतात (म्हणजे क्लासला जातात), नवरा जुन्या हिंदी गाण्यांतला, आणि सासूबाई नाट्यसंगीताशिवाय बाकी सगळ्याला "धांगडधिंगा" म्हणतात. एकाचं दुसऱ्याला सहन होत नाही, पण गाण्यावरून भांडायला सगळ्यांना आवडतं. तर म्हटलं भांडायलाच जाऊया.

बंगलोरला जेपी नगरमध्ये 'इंडियन म्युझिक एक्सपिरियन्स' नावाचं म्युझियम आहे, २०१९ मध्ये सुरू झालेलं. नुसतं काचेआड ठेवलेलं बघायचं असं नाही, ऐकायचं, बटणं दाबायची, स्वतः करून बघायचं, आणि शास्त्रीय ते लोकसंगीत ते सिनेमा ते आत्ताचे बँड सगळं एका छपराखाली. आपल्याकडे पेडर रोडला गुलशन महालात सिनेमाचं म्युझियम आहे आणि ते खरंच छान आहे, पण ते आमचं बघून झालंय, आणि मुंबईतल्या मुंबईत फिरलं की मुलं संध्याकाळी घरी येऊन आपापल्या खोलीत गडप होतात, ट्रिप अशी होतच नाही.

आता प्लॅनिंगचं. नवऱ्याने अर्थातच एक्सेल शीट केली. त्यात सकाळी नऊ ते रात्री नऊ असे रकाने. लेकीने बघितली आणि म्हणाली बाबा ही ट्रिप आहे का बोर्डाचं टाइमटेबल. मग ती शीट बाजूला ठेवून तीनच गोष्टी ठरल्या. दिवसाला एकच मोठं ठिकाण. प्रत्येक मुलाला अर्धा दिवस पूर्ण त्याच्या मनाचा, आम्ही काही बोलायचं नाही. आणि संध्याकाळी सहानंतर 'बघण्यासारखं' काहीही नाही, फक्त खाणं आणि भटकणं. ज्यांची मुलं या वयाची आहेत त्यांनी यातलं दुसरं काही नाही तरी अर्ध्या दिवसाचं नक्की करून बघा. अर्धा दिवस आपला आहे म्हटल्यावर उरलेल्या दिवसात मुलं किती गुणी वागतात ते बघून मला तर संशयच यायला लागला होता.

राहायचं कुठे हे मात्र नीट विचार करून ठरवा. बंगलोरचा एअरपोर्ट शहराच्या पार उत्तरेला, देवनहळ्ळीला, आणि हे म्युझियम दक्षिणेला. मधे ते सुप्रसिद्ध ट्रॅफिक. आपण घोडबंदर रोडवाले आणि वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवाले ट्रॅफिकला घाबरत नाही असं आपल्याला वाटतं, तो गैरसमज तिथे अर्ध्या तासात दूर होतो. म्हणून आम्ही जयनगरला राहिलो. तिथून मेट्रोची ग्रीन लाइन सरळ दक्षिणेला जाते, येलचेनहळ्ळी स्टेशनला उतरायचं आणि पुढे रिक्षा. उत्तरेला त्याच लाइनने मॅजेस्टिक, तिथे पर्पल लाइनला बदललं की एमजी रोड. मुंबईत वाढलेल्या मुलांना ट्रेन बदलून जायचं म्हटलं की जरा बरं वाटतं, गाडीत मागे बसून 'अजून किती वेळ' हा प्रकार होत नाही. म्युझियमला सोमवारी सुट्टी असते, तेवढं तारखा ठरवताना बघा, आणि जायच्या आधी वेळा एकदा त्यांच्या वेबसाइटवर चेक करा.

विमानाऐवजी जाताना उद्यान एक्स्प्रेस घेतली. सकाळी सीएसएमटीहून निघते, दुसऱ्या दिवशी सकाळी बंगलोर, आणि आम्हाला मुलुंडकरांना ठाण्याला पकडता येते. रिझर्वेशन आता ६० दिवस आधीच उघडतं, पूर्वी १२० होतं, तेव्हा दिवाळीसाठी तारीख उघडल्या उघडल्या बसावं लागतं, आमची तिकिटं नवऱ्याने त्या दिवशी सकाळी आठला लॅपटॉप आणि दोन फोन घेऊन काढली, ऑफिसात असा कधी दिसत नसेल. लोक म्हणाले चोवीस तास ट्रेनमध्ये टीनएजर्स, वेड लागलंय का. पण तीच तर गंमत होती, कारण गाडीत एक खेळ केला. प्रत्येकाने आपल्या आवडीचं एक गाणं लावायचं, बाकीच्यांनी ते पूर्ण ऐकायचं, मधे फोनला हात लावायचा नाही, आणि मग ज्याने लावलं त्याने ते का आवडतं ते सांगायचं. सासूबाई गुडघ्यांमुळे आल्या नव्हत्या, पण त्यांनी त्यांची यादी आधीच व्हॉट्सअपवर पाठवून ठेवली होती, त्यात बालगंधर्व आणि अब्दुल करीम खाँसाहेब. लेकीने चेहरा केला पण ऐकलं. खरखर आवाजातली जुनी रेकॉर्ड.

मग मी त्यांना भीमसेन जोशींची गोष्ट सांगितली. गदगचा मुलगा, खाँसाहेबांच्या ठुमरीची रेकॉर्ड ऐकून वेडा झाला, आपल्याला असंच गायचंय म्हणून १९३३ मध्ये अकराव्या वर्षी घरातून पळाला, रेल्वेने फिरत फिरत पार ग्वाल्हेरपर्यंत गेला गुरू शोधत, पुढे जालंधरला असताना वडिलांनी शोधून घरी आणला, आणि शेवटी गुरू मिळाले ते घराजवळच, कुंदगोळचे सवाई गंधर्व. चिरंजीवांना संगीताचं काही पडलं नव्हतं. "अकराव्या वर्षी? आणि मला तुम्ही मुलुंडहून ठाण्याला एकटं सोडत नाही." सोलापूर येईपर्यंत हाच वाद. शेंगाचटणी घ्यायला खाली उतरले तेव्हा कुठे थांबला.

आता म्युझियम. आत शिरल्या शिरल्या आम्ही चौघं वेगवेगळे झालो, हे आधीच ठरलं होतं. टीनएजर्सबरोबर म्युझियममध्ये घोळक्याने फिरायचं नाही, ते पुढे जाऊ देत, मागे राहू देत, काही वाचू नकोत, फक्त एक वेळ ठरवून भेटायचं. आणि आई म्हणून "हे बघितलंस का, ते वाच ना" हे तोंडातून येऊ द्यायचं नाही. हे मला सगळ्यात जड गेलं.

लेक थेट आत्ताच्या संगीताच्या दालनात, हेडफोन लावून. (घरातून निघताना हेडफोन घेऊ नको म्हणून जी बोलणी बसतात, इथे तेच हेडफोन लावायला सांगतात, त्यामुळे ती पहिल्या पाच मिनिटांतच खूश.) चिरंजीव वाद्यांच्या दालनात. शंभरापेक्षा जास्त वाद्यं आहेत तिथे. आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई. आता आमच्या मुलासाठी सनई म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये स्पीकरवर लावतात ती, कोणी माणूस ती वाजवत असतो हेच त्याच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी एवढंच सांगितलं की लग्नामुंजीतलं आणि देवळातलं हे वाद्य या माणसाने मैफलीत मुख्य वाद्य म्हणून नेऊन बसवलं, आणि त्यासाठी २००१ मध्ये भारतरत्न मिळालं. तो बराच वेळ वाकून बघत होता. मला वाटलं भारावला. म्हणाला, "आई, याला बटणंच नाहीयेत, फक्त भोकं आहेत. मग मधले सूर कसे काढतात?" प्रश्न एकदम बरोबर. बोट भोकावर पूर्ण दाबायचं की अर्धवट ठेवायचं, आणि ओठांनी पत्तीवर किती दाब द्यायचा, यावर मींड (म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) येते, एवढं मला माहीत होतं तेवढं सांगितलं. तबल्याच्या सरांना आता बाकीचं विचारणार आहे म्हणे. क्लासबद्दल आपणहून काही बोलला हेच खूप.

पण आमच्या घरात सगळ्यात जास्त गाजला तो रेकॉर्डिंगच्या इतिहासाचा विषय. गोहर जान नावाच्या कलकत्त्याच्या गायिकेचं रेकॉर्डिंग १९०२ मध्ये झालं, भारतातल्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डिंगपैकी. त्या काळात एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. म्हणजे तास तास रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा, आलाप कापायचे, ताना मोजक्या, जे काय दाखवायचंय ते चटकन दाखवायचं. आणि गाणं संपता संपता ती इंग्रजीत ओरडून सांगते, 'माय नेम इज गोहर जान'. कारण मेणाची मूळ तबकडी जर्मनीला हॅनोव्हरला जायची छापायला, तिथल्या लोकांना गाणं कोणाचं ते कळावं म्हणून.

लेक म्हणाली, "अगं मग हा प्रोड्युसर टॅग झाला ना." आम्हा दोघांना काही कळेना. तर हल्ली हिपहॉपमध्ये गाण्याच्या सुरुवातीला संगीत करणाऱ्याचं नाव कुजबुजल्यासारखं येतं, त्याला टॅग म्हणतात. कोणी चोरलं तरी नाव राहतं. तिने लगेच चार उदाहरणं ऐकवली. आणि मग तीन मिनिटांवरून सुरू झालं, की आम्ही म्हणतो रीलमुळे गाण्यांची वाट लागली, तीस सेकंदांत काय ऐकणार, पण शंभर वर्षांपूर्वी तुमच्या खाँसाहेबांनी तेच केलं होतं ना. नवरा म्हणाला तीन मिनिटं आणि तीस सेकंद यात फरक आहे. ती म्हणाली तेव्हाही कोणीतरी तीन तास आणि तीन मिनिटं असंच म्हणालं असेल. मला उत्तर सुचलं नाही. फोनवर आजीला मधे घेतलं तर आजी नातीच्या बाजूने. म्हणाल्या, बालगंधर्वांचं पद नाटकात वन्समोअर घेत घेत किती चालायचं आणि रेकॉर्डवर किती उरलं, पण आम्हाला ते ऐकायला मिळालं ते त्या रेकॉर्डमुळेच. नवरा तिथून निघून कॉफी आणायला गेला.

बाहेर साउंड गार्डन आहे, मोकळ्या हवेत, दगड, धातू, लाकूड वाजवून बघायची मोठमोठी शिल्पं. तिथे लहान मुलंच जास्त असतील असं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त वेळ आमचा तिथेच गेला आणि वाजवत होते जास्त करून बाबा लोक. आमचा तबलजी एकाच जागी ठेका धरून बसला, शेजारी एक कन्नड मुलगी साधारण त्याच्याच वयाची दुसऱ्या बाजूने वाजवायला लागली, दोघांनी एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही पण समेवर बरोबर एकत्र आले. नंतर विचारलं तर "काय? कोण?" इतकंच. मी पुढे काही विचारलं नाही.

साधारण अर्धा दिवस धरा म्युझियमला. आमच्यासारखे भांडत फिरलात तर जास्त.

बाकी शहराचं थोडक्यात. लेकीचा अर्धा दिवस चर्च स्ट्रीटला जुन्या पुस्तकांच्या दुकानांत गेला, आपल्याकडे फोर्टला फुटपाथवर पुस्तकं चाळण्यात ज्यांचं कॉलेज गेलं त्यांना तिथे जीव रमेल. चिरंजीवांचा कस्तुरबा रोडच्या विश्वेश्वरय्या म्युझियममध्ये, इंजिनं आणि यंत्रं, मी बाकावर बसून होते. लालबागेत सकाळी लवकर जा, त्यातला तो मोठा खडक तीनशे कोटी वर्षं जुना आहे असं तिथे सांगतात, त्यावर चढून सगळं शहर दिसतं. खाण्यात गांधी बझारच्या विद्यार्थी भवनचा डोसा चुकवू नका, १९४३ पासूनचं आहे, शुक्रवारी बंद, आणि रांग लागते पण आपण लागायची तयारी ठेवून गेलो की फार वाटत नाही. डोसा जाड, बाहेरून करकरीत, तुपात न्हालेला, आपल्या माटुंग्याच्या डोशापेक्षा एकदम वेगळा, आणि यावरून घरात अजून मतभेद आहेत. मी माटुंग्याच्या बाजूने.

खर्चाचं विचारतात बरेच जण. ट्रेन आणि मेट्रोमुळे प्रवास स्वस्तात झाला, येताना मात्र विमान घेतलं कारण लेकीला सोमवारी प्रॅक्टिकल होतं. एअरपोर्टला जायला वायुवज्र बस आहेत, बॅगा ठेवायला जागा असते, टॅक्सीपेक्षा खूप कमी पैसे, फक्त वेळ भरपूर हातात ठेवून निघा.

आणि ज्यांना एवढं लांब जमणार नाही त्यांनी पुण्याला राजा केळकर म्युझियम करा. शुक्रवार पेठेत. तिथे वाद्यांचं दालन आहे, मस्तानी महाल आहे, अडकित्ते आणि दिवे तर असे आहेत की घरातली मोठी माणसं हलत नाहीत. वाजवून बघायला अर्थातच मिळत नाही. सकाळी इंद्रायणीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, फक्त मुलांना इंद्रायणीसाठी पहाटे उठवायची जबाबदारी कोणाची ते आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. आमच्याकडे ती नवऱ्याची आहे.