बाईंनी झाकलेला डोळा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि मनात पहिल्यांदा उभी राहिली ती प्रयोगशाळेशेजारची आठवी 'ब'. वर्ष 1984. विज्ञानाच्या बाई म्हणजे कोणत्या, हे आमच्या तुकडीला सांगायला नको.

त्या दिवशी 'डोळा' शिकवायचा होता. बाईंनी टिकल्यांचं पाकीट आणलं होतं. प्रत्येकाच्या वहीच्या पानावर एक लाल टिकली चिकटवली, तिच्या डावीकडे चार बोटं अंतरावर पेनानं फुली काढायला लावली आणि फुलीपासून टिकलीच्या पलीकडे जाणारी एक सरळ रेघ. "डावा डोळा झाका. उजव्यानं फुलीकडेच बघा. पान हळूहळू जवळ आणा." पान फूटभर अंतरावर आलं आणि टिकली गेली! रेघ मात्र तुटली नाही, टिकलीच्या जागीसुद्धा अखंड दिसत होती. आम्ही ओरडलोच.

डोळ्यातून दहा लाखांवर तंतूंची जुडी जिथून मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. म्हणून तेवढी जागा आंधळी. आजूबाजूला काय आहे ते पाहून मेंदू ती भरून काढतो. "बघतो आपण इथं," असं म्हणत बाईंनी हात डोळ्यावर नाही, मागे आंबाड्यावर ठेवला. दृष्टीचं केंद्र मेंदूच्या मागच्या भागात असतं, हे मला तेव्हापासून पाठ आहे.

मग डोळा बदलायचा होता. उजवा झाकून डाव्यानं टिकलीकडे बघायचं, म्हणजे फुली जाते, पुन्हा येते. सगळ्यांची गेली, आली. मी म्हटलं, "बाई, माझी येतच नाही." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. माझ्या बाकाशी आल्या, खडूनं पांढरा झालेला तळवा माझ्या उजव्या डोळ्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "फळ्यावरचा सुविचार वाच." मला फळाच धड दिसेना. तेरा वर्षं मी एकाच डोळ्यानं बघत होते आणि ते घरात कुणाला, अगदी मलाही, कळलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी बाई घरी येऊन दादांशी बोलल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळा चांगला आहे, पण त्याचा नंबर खूप जास्त. लहानपणापासून त्याच्याकडून अंधूक चित्र येत राहिलं, म्हणून मेंदूनं त्याचं ऐकणं सोडून दिलंय. उशीर झाला होता. चष्मा लागला, चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून शाळेत येत होते तेव्हा बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं. थोडा फरक पडला. आजही डाव्या डोळ्यानं मला मोठी अक्षरंच वाचता येतात.

पुढे ऑप्टोमेट्रीला, म्हणजे दृष्टी तपासण्याच्या शिक्षणाला गेले. तिथे ह्यूबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांचं काम शिकले. मांजराच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर तो उघडूनही मेंदूच्या पेशी त्याला फारशी दाद देत नाहीत. त्यांना 1981 चं नोबेल मिळालं. तो धडा वाचताना मी ग्रंथालयात रडले होते.

गेली बावीस वर्षं मी अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांचे डोळे तपासते, एकेक डोळा झाकून. दोन्ही उघडे ठेवून तपासलं तर माझ्यासारखी मुलं सहज निसटतात. गेल्या जूनमध्ये एका पाच वर्षांच्या मुलाचा उजवा डोळा झाकला, तर त्यानं माझा हात ढकलला आणि रडायलाच लागला. मला पुढचं तपासायच्या आधीच कळलं. चष्मा आणि रोज दोन तास पट्टी, आईनं नेमानं केलं. दिवाळीनंतर तो डाव्या डोळ्यानं तक्त्याच्या चार ओळी आणखी खाली उतरला.

आपली ती प्रयोगशाळा आता कॉम्प्युटरची खोली झालीय म्हणे. पडद्यावर डोळ्याचं चित्र छान फिरतं, पण वहीवर टिकली कोण चिकटवतं? याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाई समारंभाला येणार आहेत असं कळलं. त्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालीय. भेटल्यावर त्यांचा एकेक डोळा झाकून मी स्वतः तपासणार आहे. तेवढं त्यांनी मला करू द्यावं.