माहेरचे फोटो सासरी: नोंद सातवी

आमच्या घराण्याचे जुने फोटो मी गोळा करतोय आणि त्यांची सालं लावतोय. मागच्या नोंदीत मी मोठ्या रुबाबात लिहिलं होतं की थोरल्या आत्याच्या लग्नाच्या फोटोचं साल लागलं, १९५४. ते साफ चुकलं. तुमच्यापैकी कुणी माझ्या भरवशावर आपले हिशेब केले असतील तर आधी माफी मागतो.

फोटोच्या पाठीवर शाईने 'फाल्गुन शु. ५ शके १८७६' एवढंच आहे. मी शकात ७८ मिळवले आणि मोकळा झालो. आठ महिने तक्त्यात तेच साल बसलेलं. गेल्या रविवारी धाकटी आत्या आली. चहा घेता घेता तिने फोटो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाली, "अरे, मग आईच्या मांडीवर कोण आहे? माझं भूत?"

आजीच्या मांडीवर कुंची घातलेलं पाच-सहा महिन्यांचं बाळ आहे आणि ते बाळ म्हणजे हीच आत्या. तिची पत्रिका आजोळी, सांगलीला राहिली म्हणून शाबूत आहे. तीत भाद्रपद, शके १८७६. म्हणजे माझ्या हिशेबाप्रमाणे ही बाई जन्मण्याच्या सहा महिने आधी बहिणीच्या लग्नाला हजर!

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती कुणाचीही होईल. शक बदलतो गुढीपाडव्याला, इंग्रजी साल बदलतं १ जानेवारीला. त्यामुळे चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंतच्या तिथीला ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९. माघ-फाल्गुनाला सरळ ७९ चालतात. पौष अडनिडा, कधी कधी मार्गशीर्षाची अखेरही, तिथे पंचांग उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. आत्याचा जन्म १९५४ चा आणि लग्न १९५५ च्या फेब्रुवारी-मार्चातलं, शक मात्र दोन्हींचा एकच. (आधार कार्डावर आत्याची जन्मतारीख १ जून. आमच्या घरात १ जूनला जन्मलेले पाच जण आहेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी जी तारीख टाकली ती टाकली. तेव्हा दाखल्यावरच्या १ जूनवर कुणी इमारत उभी करू नये.)

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. आमचं घर पुण्यात नारायण पेठेत, नदीच्या अंगाला. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटलं आणि घरात होतं नव्हतं ते गाळात गेलं. १९६१ पूर्वीचे आमचे फोटो नाहीत, असं मी लहानपणापासून ऐकत आलो. सगळे असंच म्हणायचे, मीही मान डोलवायचो.

तर आजचा आकडा: १९६१ पूर्वीचे ३१ फोटो. त्यातले पुण्यातल्या घरातले फक्त ४. बाकीचे २७ कुठून आले? आत्यांच्या, आजोबांच्या बहिणींच्या, चुलत आत्यांच्या सासरहून. घरात फोटो निघाला की एक प्रत सासरी गेलेल्या लेकीला पोस्टाने जायची. इकडची प्रत वाहून गेली, तिकडची ट्रंकेत राहिली. मी सहा वर्षं काकांच्या आणि चुलत्यांच्या दारात चकरा मारत होतो, आणि सगळा ऐवज बायकांच्या ट्रंकांत. माझ्या डोक्यात हे गेल्या वर्षी शिरलं, हे काही फार भूषणावह नाही.

परवापर्यंत आकडा ३२ होता. एक गळला. काका, आजोबा आणि सायकल असा झकास फोटो, पाठीवर काही नाही, मी तो अंदाजाने १९५८ चा धरला होता. मोठा करून पाहिला तर मागे कोपऱ्यात अर्धगोल छप्पर. पूरग्रस्तांना राहायला दिलेली निसन हट! म्हणजे पुरानंतरचा. फोटो मोठा केल्यावर माणसांकडे बघायच्या आधी चारही कोपरे बघायचे, हा नियम आता मी स्वतःला घालून घेतला आहे.

या खेपेचा मोठा पल्ला इंदूरचा. थोरली आत्या लग्न होऊन तिकडे गेली ती तिकडचीच झाली. ती आता नाही. वहिनींनी अल्बम काढून दिले. इंदूरकडचं मराठी ऐकायला गोड, "तुम्ही बसा तर, मी पोहे लावते" असं म्हणत त्यांनी जे समोर ठेवलं ते बघून मात्र माझ्या पोटात गोळा आला. १९८० नंतर कधीतरी कुणीतरी हौसेने सगळे जुने फोटो काढून ते चिकट पानांच्या, वरून प्लास्टिक असलेल्या अल्बमात लावले होते. तो गोंद पिवळा पडून फोटोंच्या पाठी धरून बसलेला. नखाने उचकटलं तर फोटो मधोमध दुमडतो, हे मी पूर्वी एकदा करून बसलोय. या वेळी दातांत घालायचा मेणाचा दोरा फोटोमागून करवतीसारखा हळूहळू ओढत नेला. १४ फोटो सुटले. ३ हटून बसले, ते पानासकट स्कॅन केले. पानासकट ठेवणं यात कमीपणा नाही. अर्धी पाठ फाटून आली तर पाठीवरचं लिहिलेलंही गेलं.

बऱ्याच फोटोंच्या कडांना निळसर चंदेरी झाक आहे. ती घाण नव्हे, फोटोतली चांदीच वर येते. पुसायची नाही. स्कॅनरवर ती चमकते आणि नेमका कडेला उभा असलेला माणूस जातो, म्हणून असे फोटो मी मोबाइलने घेतो: खिडकीचा उजेड एका बाजूने, समोर काळं कापड धरून, आणि कापडाला भोक पाडून त्यातून लेन्स. वहिनींचा नातू ते कापड धरून उभा होता. "काका, तुम्ही जुन्या काळचे फोटोग्राफर दिसताय," म्हणाला.

पुण्याच्या चारांपैकी एक फोटो काचेला चिकटलेला आहे. भिंतीवर फ्रेम होती, पाण्यात बुडाली, वाळली आणि फोटोचा वरचा थर काचेवर बसला. तो सोडवण्याचा विचारही करू नका. मी काचेसकट स्कॅन केला. पहिल्या खेपेला धूसर आला, कारण माझ्या पातळ स्कॅनरला काचेच्या जाडीपलीकडचं नीट दिसत नाही. मित्राकडचा जुना जाडजूड स्कॅनर आणला, ६०० डीपीआयवर लावला, तेव्हा पणजीच्या नथीतले मोती मोजता आले.

आता आठवणींकडे. या खेपेला दोन आत्या आणि काका अशा तिघांना वेगवेगळं बसवून एकच विचारलं: पुराच्या दिवशी आजीने घरातून काय उचललं? मधली आत्या म्हणाली, देव. काका म्हणाले, "देव कसले, शिवणयंत्र! मी आणि दादाने जिन्यावरून खाली आणलं, माझ्या पायावर पडलं, ही बघ खूण." धाकटी तेव्हा सहा-सात वर्षांची, तिला फक्त आठवतं की आईने तिचा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. फोटो कुणी का उचलले नाहीत? त्यावर तिघांचं उत्तर मात्र एकच: पाणी इतकं चढेल असं वाटलंच नाही, फोटो माळ्यावर होते, माळा म्हणजे सुरक्षित.

तिन्ही उत्तरं मी जशीच्या तशी लिहून ठेवली. कोणतं खरं, ते ठरवायच्या फंदात पडलो नाही. शिवणयंत्र आजही घरात आहे आणि देवांचे टाकही आहेत.

म्हाताऱ्या माणसांना "हे कोण?" विचारू नका, असं मी आता ठामपणे सांगेन. नाव आठवलं नाही की ती ओशाळतात आणि फोटो बाजूला ठेवतात. मी विचारलं, "हा बंब कुठे असायचा?" झालं. बंब मोरीच्या दाराशी, तो पेटवायचं काम कुणाचं, भुसा कोण आणायचं, आणि मग आपोआप, "ही बंबाजवळ उभी आहे ना, ती बडोद्याची माई." मागे पेन्सिलीने लिहिलं आहे 'ताई, बेबी, बंडू व मी'. आमच्या खानदानात बेबी चार आणि बंडू तीन. 'मी'चा शोध चालू आहे.

ही बडोद्याची माई म्हणजे आजोबांची बहीण. तिच्या सासरचा पत्ता कुणालाच सांगता येईना. नावही अर्धंच कामाचं: माहेरी तिला नदीचं नाव होतं, लग्नात तांदळात दुसरं लिहिलं गेलं, आणि पत्रांत ती नुसती 'चि. सौ. माई'. सापडली ती गावच्या जमिनीच्या कागदांत. पणजोबा गेले १९५८ ला. त्याच्या दोनच वर्षं आधी हिंदू वारसा कायदा आला होता, त्यामुळे वारस म्हणून मुलींचीही नावं फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदीला, लागली. ते १९५५ ला गेले असते तर तिथे मुलींची नावं दिसलीच नसती. आणि नावं लागली म्हणून मग चौघींकडून हक्कसोड लिहून घेतलं. त्या कागदावर चौघींचं सासरचं पूर्ण नाव, कंसात माहेरचं, नवऱ्याचं नाव, राहणार कुठे, आणि सही किंवा अंगठा. माईचा अंगठा आहे. तिने जमीन सोडली तो कागद मला तिच्या दारापर्यंत घेऊन गेला. हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, पण आहे ते असं आहे. तुमच्याकडे कुणाच्या आत्या-आजी हरवल्या असतील तर हक्कसोड नक्की काढून बघा.

बडोद्याला माईच्या नातसुनेशी फोनवर बोलणं झालं. त्यांना आमचं आडनाव ओळखीचं वाटलं. माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे म्हणाल्या, सासूबाई कुणाला हात लावू देत नसत. दिवाळीच्या साफसफाईत माळा निघेल तेव्हा उतरवू. मी त्यांना एवढंच सांगून ठेवलंय की फोटो पुसू नका, अल्बमात लावू नका आणि पेटी उघडायच्या आधी मला फोन करा, मी गाडीत बसतो.