हापूसच्या पेट्या आणि जावाचे थ्रेड : माझा अनुभव

देवगडच्या एका बागायतदार काकांचं जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं ऑर्डरी घेणारं सॉफ्टवेअर हंगामाच्या तोंडावर माझ्याकडे आलं. ते लिहिणारा मुलगा पुण्याला गेला होता. गर्दीच्या वेळी कधीकधी पेट्यांपेक्षा पावत्या जास्त निघत. काकांचं मागणं एकच, "बाकी काय नको, हिशोब जुळाक होयो."

कोड वाचला. प्रत्येक ऑर्डर वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांपैकी एका धाग्यावर, चालत होती आणि शिल्लक पेट्यांचा व्हेरिएबल (आकडा साठवायची जागा) सगळ्या थ्रेडना सामाईक. त्यातून एक वजा करणारी ओळ दिसायला एकच, पण आत कामं तीन : वाचणं, वजा करणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी एकदम ४० वाचले तर दोघंही ३९ लिहितात. विकल्या दोन, कमी झाली एक.

त्या व्हेरिएबलला जावातला व्होलाटाइल हा शब्द लावलेला होता. तेवढ्याने भागतं, हा गैरसमज फार जुना आहे. एका थ्रेडने लिहिलेलं दुसऱ्याला दिसेल, एवढीच हमी व्होलाटाइल देतं. त्या तीन कामांच्या मध्ये दुसरा घुसणार नाही, ही देत नाही.

२००४ साली जावा ५ मध्ये आलेल्या अ‍ॅटॉमिक इंटिजरने, म्हणजे ही तीन कामं मध्ये कुणाला घुसू न देता करणाऱ्या आकड्याने, वजाबाकी नीट झाली असती. पण इथे चार डझनी पेट्या वेगळ्या, पाच डझनी वेगळ्या, वर एकूण आकडा. शिल्लक आहे का हे पाहणं, पेटी कमी करणं आणि एकूण आकडा बदलणं हे सगळं एका दमात व्हायला हवं. म्हणून मी सिंक्रोनाइज्ड ब्लॉक घेतला, म्हणजे लॉक (कुलूप) हातात असलेल्या एकाच थ्रेडला एका वेळी आत सोडणारा कोडचा तुकडा; सगळ्यांना मिळून एकच लॉक. नुसतं वाचतानाही तोच, कारण एरवी वाचणाऱ्याला अर्धवट बदललेला हिशोब दिसू शकतो.

एसएमएस पाठवणं मात्र ब्लॉकच्या बाहेर काढलं. आमच्याकडे नेटवर्क कधी जाईल सांगता येत नाही, आणि एक थ्रेड लॉक धरून अडकला की मागचे सगळे खोळंबतात.

अशी चूक हवी तेव्हा दिसत नाही, हा खरा त्रास. म्हणून चाचणीत १०० पेट्या ठेवल्या आणि काउंटडाउन लॅचवर (सगळ्यांना अडवून एकदम उघडणाऱ्या फाटकावर) थांबवलेले २०० थ्रेड एकदम सोडले. जुन्या कोडमध्ये पावत्यांचा आकडा बदलत राहिला. नव्यात दर वेळी बरोबर १००. तरी केवळ चाचणीवर न विसंबता, व्हेरिएबल वापरणारी प्रत्येक ओळ लॉकच्या आत आहे ना, हे वाचून पाहिलं. मगच काकांना फोन केला.