टर्बो टाकलाय का, असं विचारलंत म्हणून

तुम्ही विचारलंत म्हणून या वेळी नीट बसून लिहिते, कारण हा प्रश्न मला इतक्यांदा येतो आणि दर वेळी घाईत अर्धवट उत्तर दिलं जातं. प्रश्न असा, की ६६० सीसीचा तो जपानी मिनी ट्रक तीन हजार मीटरच्या वर, बर्फात, रस्ता म्हणावा असा रस्ता नसताना चढतो कसा, टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) टाकलाय का त्याला? नाही टाकला. टाकणारही नाही.

माझी गाडी १९९५ ची सुझुकी कॅरी, फोर व्हील ड्राइव्ह, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली. आपली मारुती ओम्नी याच कॅरीच्या घराण्यातली, त्यामुळे सीटखाली इंजिन हा प्रकार काय असतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. जपानमध्ये या वर्गाला केई म्हणतात, १९९० पासून इंजिन ६६० सीसीपर्यंतच, माल ३५० किलोपर्यंतच, आणि रिकामी गाडी साधारण सातशे किलोची. बाहेर येतात त्या जुन्याच, कारण अमेरिकेत अशी गाडी २५ वर्षांची झाल्यावर आणता येते, कॅनडात १५ वर्षांची.

आता मुद्द्याचं. या गाडीला बर्फ नवीन नाहीये हो! जपानच्या निइगाताकडच्या भागात समुद्रापासून फार उंच नसलेल्या गावांतसुद्धा माणसाच्या डोक्यावर जाईल एवढा बर्फ साठतो, आणि तिथले शेतकरी वर्षानुवर्षं हेच ट्रक वापरतायत. तिला नवीन आहे ती उंची. आणि लोक नेमकं उलटं करतात, बर्फासाठी म्हणून मोठे टायर, लिफ्ट (गाडी उंच करणं), लोखंडी बंपर, विंच, टपावर कॅरियर असं सगळं चढवतात आणि उंचीसाठी काहीच करत नाहीत, मग गाडी पहिल्याच घाटात बसली की म्हणतात इंजिन लहान आहे. इंजिन लहान आहेच, पण ते खालीसुद्धा लहानच होतं ना.

तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो. म्हणजे खाली ४० हॉर्सपॉवर देणारं इंजिन तिथे २८ च्या आसपास देतं, आणि कार्ब्युरेटर असेल तर तेवढंही देत नाही, कारण हवा कमी झाली तरी तो त्या मानानं पेट्रोल कमी करत नाही. माझ्या पहिल्या चढाईत हेच झालं, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी गुदमरल्यासारखी करायला लागली, मागे काळा धूर, केबिनमध्ये कच्च्या पेट्रोलचा वास, आणि शेवटी बंदच पडली. सीट उचलली, तिन्ही प्लग काढले, तिन्ही काजळीनं काळेकुट्ट आणि ओले. हातमोजे काढून कपड्यानं पुसून परत बसवले, बोटं इतकी बधिर झाली होती की तिसऱ्या प्लगचे आटे जुळतायत की नाही तेच कळेना, आणि आटा चुकला तर इंजिनाचं हेडच गेलं म्हणून प्रत्येक प्लग आधी हातानंच फिरवत होते, पान्याला हात नाही लावला.

खाली आल्यावर मेन जेट बदलला. जेट म्हणजे पितळेचा एक बारकासा स्क्रू, नखाएवढा, मध्ये आरपार भोक, त्या भोकाच्या मापावर किती पेट्रोल जायचं ते ठरतं. दोन नंबर बारीक जेट टाकला, आयडलचं मिक्श्चर परत लावलं, इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडायची वेळ, दोन-तीन डिग्री पुढे घेतलं, आणि त्याच चढावर तीच गाडी दुसऱ्यात गेली. खर्च म्हणाल तर नवीन टायरच्या तुलनेत काहीच नाही. पण एक गोष्ट काळजीनं सांगते, हा बारीक जेट ठेवून खाली सपाटीवर येऊन गाडी दामटू नका, तिथे हवा भरपूर आणि पेट्रोल कमी असं होतं, इंजिन तापतं, टायमिंग पुढे असेल तर नॉकिंग (आतलं पेट्रोल अवेळी भडकून ठोके बसणं) सुरू होतं आणि पिस्टनपर्यंत जाऊ शकतं. माझ्याकडे दोन्ही जेट एका डबीत असतात आणि खालच्या जेटला नेलपॉलिशचा लाल ठिपका आहे. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शनवाली गाडी असेल तर ही कटकट नाही, ती आपलं आपण सांभाळून घेते, ताकद मात्र तिचीही कमी होतेच.

मग उरलेल्या ताकदीत चढायचं कसं, तर गिअरवर. घेतानाच बघा हाय-लो ट्रान्सफर (सगळे गिअर आणखी हळू आणि जोरकस करणारा दांडा) आहे का, डिफ लॉक (एक चाक घसरलं तरी दुसरं फिरत ठेवणारं कुलूप) आहे का. होंडा अॅक्टीच्या अटॅक मॉडेलला वेगळा अल्ट्रा लो गिअर येतो, सुबारू सांबरला एक्स्ट्रा लो येतो, शेतात चिखलातून रांगायला दिलेले हे गिअर, पण बर्फाच्या चढावर हेच कामाला येतात. म्हणूनच मोठ्या टायरचा मला राग येतो! २१ इंची टायर काढून २३ इंची टाकला की गिअरिंग साधारण साडेनऊ टक्के उंच झालं, म्हणजे हवेनं ३० टक्के घेतले आणि वर अजून आपणच दिले, शिवाय लिफ्ट जास्त झाली की पुढच्या सीव्ही जॉइंटचा (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो, थंडीत कडक झालेले रबरी बूट फाटतात. माझ्या गाडीला लिफ्ट नाही, टायर मूळ मापाचे, १२ इंची रिमवर, फक्त बर्फाचे. अरुंद टायर वरचा बर्फ कापून खालच्या जमिनीपर्यंत पोचतो. खूप खोल भुसभुशीत बर्फात मात्र तो रुततो, तिथे चाकांऐवजी रबरी ट्रॅकच लागतात, ते वेगळंच काम आहे आणि त्यात बेअरिंग आणि स्टिअरिंगवर भलताच ताण येतो.

हवा मी १४ पीएसआयपर्यंत उतरवते, गाडी हलकी आहे म्हणून चालतं. हवा वर गेल्यावरच मोजा, टायर गार असताना, कारण तीन हजार मीटर चढलं की बाहेरचा दाब घटल्यामुळे गेज चारेक पीएसआय जास्त दाखवतो आणि थंडी तेच परत खाली ओढते, त्यामुळे घरी मोजलेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. चेन चारही चाकांना. आणि मागे वजन, कारण ट्रकचे मागचे पाटे ३५० किलोसाठी बनवलेत, रिकाम्या गाडीत मागची चाकं नुसती उड्या मारतात. मी ऐंशी किलो वाळूच्या पिशव्या मागच्या अॅक्सलच्या बरोबर वर पट्ट्यानं आवळून ठेवते, अडकलं तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते.

उतरायचं कोणी विचारतच नाही. ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर (पेडलला जोर देणारा डबा) असेल तर उंचीवर तोही कमी जोर देतो, कारण त्याचं कामच बाहेरच्या हवेच्या दाबावर चालतं. पेडल पायाला जास्त कडक लागतं आणि माणूस घाबरून अजून जोरात दाबतो, बर्फावर तेच नडतं. लो मध्ये टाका, पहिला गिअर, पाय ब्रेकवरून काढा, इंजिनला धरू द्या. रात्री उभी करताना हँडब्रेक ओढू नका, केबलमध्ये पाणी असेल तर गोठतं आणि सकाळी मागची चाकं सुटत नाहीत. गिअरमध्ये ठेवा, चाकाला ठोकळा लावा.

रेडिएटरची कॅप नवीन घ्या, एवढी साधी गोष्ट लोक विसरतात. तीन हजार मीटरवर पाणी ९० डिग्रीला उकळतं, कॅपनं दाब धरला नाही तर बर्फात उभी असलेली गाडीसुद्धा उकळते. कूलंट आणि पाणी निम्मं निम्मं, इंजिन ऑइल पातळ, बॅटरी चांगली. आणि डिफरन्शियलच्या (अॅक्सलमधल्या गिअरच्या डब्याच्या) ब्रीदरला, म्हणजे हवा जाण्यायेण्याच्या छिद्राला, नळी जोडून ती वर घ्या, तापलेलं डिफ बर्फात बसलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढून घेतं. माझं गिअर ऑइल एकदा दुधाच्या चहासारखं निघालं होतं, तेव्हापासून नळी आहे.

आता टर्बोचं. जुन्या इंजिनाला बाहेरून टर्बो लावायचा म्हणजे पेट्रोल, कूलिंग, क्लच सगळंच नव्यानं करावं लागतं, आणि डोंगरात ते बिघडलं तर दुरुस्त करायला मीच असते. कंपनीनंच सुपरचार्जर (टर्बोसारखंच हवा दाबून भरणारं, पण इंजिनच्याच पट्ट्यावर चालणारं यंत्र) दिलेली सांबर मिळत असेल तर मात्र जरूर घ्या, त्या वरच्या हवेत तिचा खरंच फायदा होतो, शिवाय तिचं इंजिन मागे आहे म्हणजे वाळूच्या पिशव्यांचीही फारशी गरज नाही. फक्त पुढच्या चाकांवर वजन कमी येतं, उतारावर वळणाच्या बऱ्याच आधी वेग कमी करा.