कायमच्या किडनीआधीच्या दोन किडन्या

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला मी ॲनाटॉमी शिकवते. गर्भात किडनी कशी घडते हे विचारलं की मुलं एकामागून एक बनणाऱ्या तीन किडन्यांची नावं धडाधड म्हणून दाखवतात: प्रोनेफ्रॉस, मेसोनेफ्रॉस, मेटानेफ्रॉस. पहिल्या दोन नाहीशा होतात, तिसरी राहते. मार्क मिळतात, पण पहिल्या दोन फुकटच गेल्या असा समज मनात राहतो आणि ते मला मुळीच पटत नाही.

पहिली जोडी चौथ्या आठवड्यात मानेच्या भागात दिसते आणि काही दिवसांतच विरते. माणसात ती काही काम करत नाही. दुसरीचं मात्र तसं नाही. ती छातीपासून कमरेपर्यंत पसरते, थोडे आठवडे मूत्रही तयार करते. तिची नळी, म्हणजे वुल्फियन डक्ट, खाली क्लोआकाला, म्हणजे भ्रूणात आतडं आणि मूत्रमार्ग यांच्या सामायिक पोकळीला, जाऊन मिळते आणि पाचव्या आठवड्यात तिथेच जवळ तिला एक कोंब फुटतो: युरेटेरिक बड. आपली मूत्रवाहिनी याच कोंबाची होते. दुसरी किडनी विरते खरी, पण तिच्या नळीशिवाय तिसरी सुरूच झाली नसती.

कोंब शेजारच्या पेशींच्या पुंजक्यात, ब्लास्टेमात, शिरतो. पुंजक्यातून जीडीएनएफ हे प्रथिन येतं, कोंबाच्या पेशींवरचा रेट नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश टिपणारं प्रथिन, ते टिपतो आणि कोंबाला फांद्यांवर फांद्या फुटत जातात. कोंबाकडूनही उलट संदेश जातात. मग पुंजक्यातल्या पेशी एकत्र येऊन नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून मूत्र बनवणारे किडनीतले सूक्ष्म घटक, घडवू लागतात. १९५० च्या दशकात क्लिफर्ड ग्रोबस्टीन या जीवशास्त्रज्ञाने उंदराच्या भ्रूणातले हे दोन भाग सुटे करून वाढवून पाहिले. एकट्या कोंबाला फांद्या फुटेनात, एकट्या पुंजक्यातून नलिका होईनात. एकत्र ठेवले की दोन्ही कामाला लागत. भ्रूणशास्त्रात इतका नितळ प्रयोग मला क्वचितच दिसतो.

हे सगळं भ्रूणाच्या ओटीपोटात चालतं. सहाव्या ते नवव्या आठवड्यात किडन्या वर कमरेपर्यंत सरकतात. खालची टोकं एकमेकींना जुळली तर ती जोडकिडनी मोठ्या आतड्याच्या एका रोहिणीखाली अडकते. घोड्याच्या नालासारखी अशी किडनी साधारण ५०० जणांत एकाला असते, आणि बहुतेकांना तिचा त्रास होत नाही.

गर्भाच्या किडनीची स्लाइड मी मुलांना कडेपासून आत बघायला लावते. अगदी कडेला, आवरणाखाली, नुसते पेशींचे पुंजके. जरा आत स्वल्पविरामाच्या आकाराचे, मग एस आकाराचे नेफ्रॉन. आणखी खोल गेलं की पूर्ण झालेले ग्लोमेरुलस, म्हणजे नेफ्रॉनमधले रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, कारण सगळ्यांत आधी बनलेले नेफ्रॉन सगळ्यांत आत असतात. गर्भारपणाच्या ३६व्या आठवड्याच्या सुमारास कडेची पुंजक्यांची ती पट्टी संपते आणि पुढे आयुष्यभर एकही नवा नेफ्रॉन बनत नाही. एका किडनीत ते सरासरी दहा लाखांच्या आसपास असतात, पण माणसामाणसांत फरक फार मोठा. फार लवकर जन्मलेल्या बाळांत ते बहुधा कमी भरतात, म्हणूनच अशा मुलांचा रक्तदाब आणि किडनीचं काम मोठेपणीही तपासत राहावं लागतं.