काट्यावरचा पिनबॉल

साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा पीसी आमच्याकडे आला. सॉफ्टवेअर बदलून हवं होतं, पण त्याचा सोर्स कोड कुणाकडेच नव्हता. होती ती फक्त एक्झी, म्हणजे मशीनला चालवता येणारी तयार फाइल. साहेब म्हणाले, "एक्झीवरून कोड परत काढता येतो ना?"

येतो. पण असा काढलेला कोड शेवटी कसा दिसतो, ते मलाच नीट पाहायचं होतं. म्हणून एक दिवस मागून घेतला आणि 'थ्रीडी पिनबॉल – स्पेस कॅडेट' हा विंडोजमधला जुना गेम कोडवरून बिल्ड करायला, म्हणजे चालता करायला बसलो. (हो, ऑफिसच्या वेळेत.) विंडोज एक्सपीमधली त्याची एक्झी एका प्रोग्रामरने घिड्रा आणि आयडा ही एक्झी उलगडायची टूल्स वापरून उलगडली आणि सी++मध्ये उतरवली आहे. चित्र-आवाजासाठी त्यात एसडीएल2 ही लायब्ररी आहे.

बिल्डची तयारी करणारं सीमेक आधी एसडीएल मिक्सर या आवाजाच्या लायब्ररीवर अडलं. पॅकेज टाकलं, मेक चालवलं, चालणारी फाइल तयार. चालवली तर डेटा फाइल नाही! बरोबरच आहे. उलगडलाय तो कोड. गेमची चित्रं-आवाज त्यात देत नाहीत, ज्याचे त्याने मूळ गेममधून आणायचे. आता एक्सपी कुठून आणू? मग लक्षात आलं, टेबलावरचा काट्याचा पीसी एक्सपीवरच आहे. प्रोग्राम फाइल्स, विंडोज एनटी, पिनबॉल. अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला.

स्पेसबार सोडला आणि चेंडू वर गेला. संगीत मुकं होतं. ते मिडीत, म्हणजे नुसत्या सुरांच्या नोंदीत असतं, वाजवायला साउंडफाँट ही वाद्यांच्या आवाजांची फाइल लागते. ते राहू दिलं. मी बघत होतो फ्लिपरकडे, म्हणजे चेंडू उडवणाऱ्या दांडीकडे. मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेन यांनी 2012 मध्ये लिहिलं होतं की 64-बिट बिल्डमध्ये चेंडू सगळ्यातून भुतासारखा आरपार जायचा, कोडमध्ये कॉमेंट जवळपास नव्हत्याच, दोष सापडेना, म्हणून गेमच विंडोजमधून काढून टाकला. माझं मशीनही 64-बिट. इथे चेंडू फ्लिपरवर आपटून छान उडत होता.

कोडही वाचता येत होता, नावं नीट होती: टीबॉल, टीफ्लिपर, टीएजमॅनेजर. पण त्यामागे एक नशीब आहे. पिनबॉलच्या एक्झीची पीडीबी, म्हणजे नावांची फाइल, जाहीर उपलब्ध होती. आमच्या काट्याच्या एक्झीची कुठली असायला? घिड्रात उघडली तर प्रत्येक फंक्शनला 'फन' आणि पुढे मेमरीचा पत्ता. फन कसली डोंबलाची! चार तास खपल्यावर एका जागी दिसलं की भरल्या गाडीच्या वजनातून 60 वजा होतायत. कशाचे, ते कोड काही सांगेना.

संध्याकाळी काट्यावरच्या मामांचा फोन आला. "साहेब, पीसीतला तो गेम उडवला नाही ना? माझा हाय स्कोअर हाय त्यात."

पेनड्राइव्हवर तो आला नव्हता. स्कोअर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदीत असतो. पण पीसीत शाबूत होता. तसं सांगितलं आणि सहज विचारलं, "मामा, हे 60 किलो कशाचे हो?"

"ते व्हय? भरल्या गाडीत क्लीनर बसून असायचा. रिकामी गाडी काट्यावर यायच्या वक्ताला गडी उतरून चहाला गेलेला. त्याचं ते."

मी कोडमध्ये त्या ओळीवर कॉमेंट टाकली: क्लीनर.