‘ब्यूरो’ : कापडापासून कचेरीपर्यंत

स्वीडिश भाषेचा एक पाठ वाचताना ‘मोजे ब्यूरोत आहेत’ अशा अर्थाचे वाक्य समोर आले आणि मी थबकलो. माझ्या लेखी ब्यूरो म्हणजे वृत्तसंस्थेचे किंवा तपास यंत्रणेचे कार्यालय. तिथे मोज्यांचे काय काम? शब्दकोश उघडल्यावर कळले, की स्वीडिशमध्ये खणांच्या कपाटालाही ब्यूरोच म्हणतात, आणि प्रवासी कंपन्यांसाठी किंवा वकिलांच्या कार्यालयांसाठीही हाच शब्द वापरतात. कपाट आणि कचेरी एका शब्दात कशी नांदतात, हा प्रश्न मला त्याच्या मुळापर्यंत घेऊन गेला.

मुळाशी निघाले कापड. उत्तरकालीन लॅटिनमधील ‘बुर्रा’ म्हणजे भरड लोकर. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये जाड्याभरड्या लोकरी कापडाला ‘ब्युरेल’ हे नाव पडले आणि त्याचेच पुढे ‘ब्यूरो’ झाले. हिशेब करताना, कागदपत्रे लिहिताना मेजावर हे कापड अंथरत असत. म्हणून कापडाचे नाव आधी मेजाला लागले, मग ते मेज जिथे असे त्या खोलीला, आणि अखेर त्या खोलीतून चालणाऱ्या खात्याला. ‘टॉयलेट’ हा शब्दही असाच एका लहानशा कापडापासून निघून शृंगारमेजावरून खोलीपर्यंत पोहोचला आहे, हे इथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजासाठी 1760 साली करायला घेतलेले आणि 1769 साली पुरे झालेले व्हर्साय राजवाड्यातील प्रसिद्ध मेज ‘राजाचा ब्यूरो’ म्हणूनच ओळखले जाते. नाजूक लाकडी जडावकाम, वर गोलाकार सरकते झाकण, आणि किल्ली एकदा फिरवली की सारे खण एकदम बंद! भरड लोकरीचे नाव इतक्या श्रीमंती वस्तूला चिकटून राहिले, याचे मला फार अप्रूप वाटते. त्याच सुमारास, 1764 सालच्या एका पत्रात पॅरिसमधील लेखक बॅरन फॉन ग्रिम यांनी नोंदवले, की दिवंगत फ्रेंच अर्थतज्ज्ञ गुर्ने हे ‘ब्युरोक्रसी’ नावाच्या एका नव्या शासनप्रकाराचा उल्लेख करीत असत. फ्रेंच मेजाला सत्ता या अर्थाचा ग्रीक प्रत्यय जोडून हा शब्द घडला, आणि तो ब्यूरोपेक्षाही दूरवर पसरला. इटालियन आणि स्पॅनिश लोक कार्यालयासाठी आपापले लॅटिन वळणाचे शब्द वापरतात, पण नोकरशाहीला मात्र ‘बुरोक्रात्सिया’ आणि ‘बुरोक्रासिया’ असेच म्हणतात.

बाकीच्या भाषांनी या प्रवासातला आपापला टप्पा निवडला. जर्मन ‘ब्युरो’ म्हणजे कार्यालय. डचमध्ये लिहिण्याचे मेजही ब्यूरो आणि पोलीस ठाण्याच्या नावातही ब्यूरो. ब्रिटिश इंग्रजीत उतरत्या झाकणाचे लेखनमेज, तर अमेरिकन इंग्रजीत कपड्यांचे खणवाले कपाट. रशियनमध्ये हरवलेल्या वस्तू जिथे जमा होतात ते कार्यालयही ब्यूरोच, आणि कम्युनिस्ट पक्षाच्या वरिष्ठ समितीसाठीचा ‘पोलितब्यूरो’ हा शब्द तर रशियनमधूनच जगभर गेला.

मला सर्वांत आवडते ते पोलिश भाषेने केलेले रूपांतर. तिथे ‘ब्यूरो’ म्हणजे कार्यालय आणि त्याला लघुत्वदर्शक प्रत्यय लावून केलेला ‘ब्यूर्को’ म्हणजे मेज. फ्रेंचमध्ये मेजापासून कचेरी झाली होती. पोलिशमध्ये शब्दाच्या घडणीत कचेरी आधी आली आणि मेज तिचे लेकरू ठरले.